निवांत पेटी

दुकानातल्या मुलीनं झाकण उघडलं आणि आधी वास आला. कुजक्या अंड्याचा. पुसटच, पण घशात जाऊन बसणारा. शाल्मलीनं ओढणी नाकाशी धरली. हृषीकेश मात्र वाकून आत बघू लागला.

पेटीत बटेर होते. मुठीएवढे तपकिरी पक्षी, पाय पोटाशी घेतलेले, मिठाईच्या खोक्यात लाडू मांडावेत तसे एकेका खोबणीत बसवलेले. डोळे मिटलेले, चोची किंचित उघड्या.

"मेलेत," शाल्मली म्हणाली.

"नाही मॅडम. एकाच्या छातीकडं बघत राहा."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एका पक्ष्याची छाती सावकाश वर आली आणि तितक्याच सावकाश खाली बसली. त्यानंतर पुन्हा काही नाही.  शाल्मलीनं नजर दुसरीकडं वळवली.

खरं तर ती दोघं गाडीत ठेवायचा साधा फ्रिज घ्यायला आली होती. सांगलीत हृषीकेशचा सौर पॅनेल बसवून द्यायचा व्यवसाय होता. विजेवर चालणारी नवी गाडी घेतल्यापासून त्याला तंबू घेऊन भटकायचं वेड लागलं होतं. मागच्या सहलीत बर्फाचा डबा पाझरला आणि मटणात पाणी शिरून सगळं फेकून द्यावं लागलं. त्यामुळं या वेळी शाल्मलीनं आठवडाभर चौकशी केली होती. स्वस्तातल्या फ्रिजमध्ये नुसती एक चकती असते. वीज सोडली की तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. बाहेर चाळीस अंश तापमान असलं तर आत वीसच्या खाली काही जात नाही, म्हणजे दुधासाठी बेभरवशाचाच. कॉम्प्रेसरचा फ्रिज बर्फसुद्धा धरतो, पण तो जड, घरघर करणारा आणि बॅटरी खाणारा. तरी मध्यम आकाराचा, कॉम्प्रेसरवालाच घ्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"हे सगळे फ्रिज एकच काम करतात सर," दुकानातली मुलगी हृषीकेशला सांगत होती. "मेलेली वस्तू कुजायची थांबवतात. या 'निवांत' पेटीत कुजायचा प्रश्नच येत नाही, कारण वस्तू मेलेलीच नसते."

तिनं पाठ केलेलंच सांगितलं, पण सोपं करून सांगितलं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो. शरीर किती गरम ठेवायचं, हृदय किती पळवायचं, हे तो ठरवतो. हिवाळाभर बिळात पडून राहणाऱ्या प्राण्यांच्या अंगातली शेगडी हाच भाग मंद करतो. काही वर्षांपूर्वी असं आढळलं की कवटीला धक्का न लावता बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी नेमक्या या भागावर सोडल्या, तर कधीच शीतनिद्रेत न जाणाऱ्या प्राण्यांचीही शेगडी मंद होते. जोडीला हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोडा मिसळला की पेशी प्राणवायू जवळजवळ मागेनाशा होतात. जास्त झाला तर हा वायू जीव घेतो. बेताचा असला तर जीव नुसता थांबवून ठेवतो. मग पेटी हळूहळू गार होत जाते आणि आतला प्राणीही तिच्याबरोबर गार होत जातो. हृदय मिनिटाला दोनचार ठोक्यांवर येतं. भूक नाही, तहान नाही, घाण नाही, आवाज नाही.

शोध लागला होता तो रुग्णांसाठी. अपघातात सापडलेला माणूस दूरच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तगावा, हा हेतू. त्याच्या परवानग्या सरकारी टेबलांवर अडकून पडल्या, तोवर एका कंपनीनं त्याची जेवणाची पेटी केली.

"मोठाच आकार घ्या सर. करडूसुद्धा मावतं. वजन ही स्वतःच ओळखते, तुम्हाला काही करावं लागत नाही."

"मला हे घरात नको," शाल्मली म्हणाली.

"घरात कशाला? गाडीतच राहील," हृषीकेश म्हणाला आणि त्यानं मोठाच आकार घेतला.

*

पहिला मुक्काम चांदोलीच्या पाण्याकाठी झाला. बरोबर मिहिर पोतनीस होता. हृषीकेशचा शाळेपासूनचा मित्र, जनावरांचा डॉक्टर, सुरी धरायला पटाईत. शेकोटी पेटली. मिहिर पेटीतून एकेक बटेर काढून फळीवर ठेवत होता, मान कापत होता आणि पिसं काढून शिगेवर चढवत होता. फडफड नाही, आरडाओरडा नाही. रक्त मात्र गार, घट्ट आणि थोडंच येत होतं.

शाल्मली मांस खात मोठी झालेली. रविवारी वडील मटण आणायचे तेव्हा ती बरोबर जायची, खाटकाच्या दुकानात काय असतं हे तिला ठाऊक होतं. तिनं पहिला तुकडा तोंडात घातला. मऊ होता, चवीला चांगला होता.

तेवढ्यात हृषीकेशनं मिहिरला व्हिडिओसाठी जरा थांबायला सांगितलं. फळीवरच्या पक्ष्याला शेकोटीची धग लागत होती. त्याची पापणी वर गेली. काळा, ओला डोळा. मान हलली नाही, पंख हलले नाहीत, पण डोळा मात्र मिहिरच्या हातातल्या सुरीबरोबर फिरत होता. सुरी डावीकडं गेली की डावीकडं, उजवीकडं आली की उजवीकडं.

"तो जागा आहे," शाल्मली म्हणाली.

"आपोआप होतं ते. शरीराची सवय असते," मिहिर म्हणाला आणि त्यानं सुरी फिरवली.

तोंडातला घास शाल्मलीनं हातात काढला. पुढचं तिला आवरलं नाही. करवंदीच्या जाळीमागं ती ओकत राहिली आणि मागून हृषीकेशचं हसणं ऐकू येत राहिलं.

"दुकानातून सोललेलं आणलं की तुला चालतं," तो पाण्याची बाटली घेऊन आला तेव्हा म्हणाला. "डोळा दिसला की नाही चालत. याला काही अर्थ आहे का?"

 मारून खाणं तिला नवं नव्हतं. पण ते पक्षी मारण्याआधी कित्येक दिवस मरणाच्या दारात टांगून ठेवले होते आणि त्याला सगळे ताजेपणा म्हणत होते, याचीच तिला शिसारी आली होती. ते तिला तिथं नीट मांडता आलं नाही. तिनं तोंड धुतलं आणि गाडीत जाऊन बसली.

महिन्याभरानं बुंदीची पाळी आली. बुंदी म्हणजे घरातली कुत्री. हृषीकेशच्या आईनं रस्त्यावरून उचलून आणलेली, त्यामुळं कायम तिच्या पायाशी. गाडीत बसली की बुंदी हमखास ओकायची. लस द्यायला तिला मिहिरच्या दवाखान्यात नेलं होतं. परत आला तेव्हा हृषीकेशच्या हातात ती ओल्या पोत्यासारखी लोंबत होती.

"काय झालं हिला?"

"काही नाही. येताना पेटीत ठेवली. गाडी स्वच्छ, ती शांत, मी शांत."

"तू बुंदीला जेवणाच्या पेटीत घातलंस?"

"धुऊन घेतली होती," हृषीकेश म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

बुंदी दोन दिवस झोपून होती. पाण्यापुरती उठायची आणि पुन्हा कोसळायची. शाल्मलीनं तिला ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा केसांत चिकटलेली बटेराची बारीक पिसं निघाली. त्या वासानं तिनं तीन वेळा हात धुतले. त्या दिवशी तिनं निक्षून सांगितलं की ती पेटी विकून टाकायची. हृषीकेश हो म्हणाला. पेटी विकली गेली नाही, गॅरेजात गेली एवढंच.

*

हृषीकेशची आई वैजयंती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच तिच्या आठवणींची वीण सुटू लागली. आता तिला नवरा गेल्याचं आठवत नव्हतं. मुलाचं नाव कधी यायचं, कधी नाही. घरात ती फारसा त्रास द्यायची नाही, बुंदीशी बोलत खिडकीत बसायची. गाडीत बसवलं की मात्र तिला वाटायचं, आपण माहेरी निघालो. "कोरेगाव आलं का?" दर थोड्या वेळानं विचारायची. नाही म्हटलं की रडायची, आलं म्हटलं की दार उघडून उतरायला बघायची. शाल्मली मागं तिच्या शेजारी बसायची, हात हातात धरायची. दाराला आतून न उघडणारं कुलूप असायचं, आणि लांबचा प्रवास असला की डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी.

डिसेंबरात तिलारीच्या जलाशयाकाठी मुक्काम ठरला. शाल्मली रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती, शनिवारी तिला काम होतं. ती रविवारी एसटीनं पोचणार होती. आईजवळ सोबतीला येणाऱ्या बाईंनी ऐन वेळी येत नसल्याचं कळवलं.

"मी नेतो तिला, बुंदीलाही," हृषीकेश म्हणाला. "आई माझी आहे, मी बघीन. तू सारखी तिच्यात अडकलेली असतेस."

शाल्मलीला बरं वाटलं. आईचं स्वेटर, गोळ्या, कानटोपी तिनं एका पिशवीत भरून दिली. शनिवारी सकाळी ती कामाला निघाली तेव्हा आई अंगणात बुंदीला पोळी घालत होती.

दुपारी तिनं फोन केला. "आई कशा आहेत?"

"एकदम निवांत. एकदाही कोरेगाव नाही."

ती हसली. कित्येक दिवसांत नवऱ्याबद्दल एवढी माया तिला वाटली नव्हती.

रविवारी दुपारी ती फाट्यावर उतरली. घ्यायला मिहिर आला होता, स्वतःच्या जीपनं. एरवी तोंडाला खंड नसलेला माणूस, पण आज रस्त्यावरून नजर हलवत नव्हता.

"काकू कशा आहेत?"

"आहेत. झोपल्यात."

"जेवल्या का?"

मिहिरनं गिअर बदलला. 

पाण्याकाठी तंबू लागले होते. दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, बाजूला रिकाम्या बाटल्या. हृषीकेश मासे साफ करत होता. त्यानं हात हलवला. "आलीस? बस, चहा टाकतो."

"आई कुठं आहेत?"

"गाडीत. झोपलीय."

शाल्मली गाडीकडं गेली. मागची सीट रिकामी होती. तिनं दिलेली पिशवी तशीच, गाठ न सोडलेली. डिकीचं दार वर उचललेलं होतं आणि खाली मातीत बुंदी बसली होती. शाल्मलीला बघून ती उठली नाही, शेपटी हलवली नाही. ती डिकीतल्या पेटीकडं बघत होती. पेटीवर हिरवा दिवा लागलेला होता.

मागून हृषीकेशची पावलं धावत आली. "थांब. मी सांगतो. आधी ऐकून घे."

तिनं झाकण उघडलं.

वास आला. त्यानंतर पांढरे केस दिसले, कवटीला चिकटलेले, दमट. आई कुशीवर होती. गुडघे छातीपर्यंत दुमडलेले, हनुवटी गुडघ्यांत खुपसलेली, एक हात मांडीखाली दाबला गेलेला. करडू मावतं अशी पेटी, आणि आई होतीच मूठभर. ओठ जांभळट राखेच्या रंगाचे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून गालावर घट्ट झालेली. पातळाच्या काठाला बुंदीचे केस आणि एक तपकिरी पीस.

शाल्मलीनं खांद्याला हात लावला. फ्रिजमध्ये राहिलेल्या कणकेला हात लावावा तसा तो लागला. दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला.

बराच वेळ काही झालं नाही. मग आईची पाठ सावकाश फुगली आणि बसली.

"उचलू नकोस," मिहिर म्हणाला. "एकदम गरम झाल्या तर हृदय गडबडेल. पेटीलाच उठवू दे. दोनतीन तास लागतील." त्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा पिवळा झाला.

"कधीपासून?"

हृषीकेशनं मिहिरकडं बघितलं.

"काल सकाळपासून," मिहिर म्हणाला. "सांगलीपासून."

"इथं पोचल्यावर काढणारच होतो," हृषीकेश घाईनं म्हणाला. "पण उठायलाच इतका वेळ लागतो, आणि उठल्यावर तिची चिडचिड, नवी जागा, अंधार. म्हटलं, आज तू यायच्या आत उठवू. लोक करतात हे, शाल्मली. तान्ह्या मुलांना ठेवतात, व्हिडिओ आहेत. मिहिरला विचारूनच केलं मी."

"मी म्हटलं होतं, सस्तन प्राण्यात फरक पडत नाही," मिहिर हळू आवाजात म्हणाला. "ठेव असं म्हटलं नव्हतं."

"मग काल माझ्याबरोबर इथं बसून पीत होतास ते?"

 शाल्मली डिकीच्या कडेवर बसली. तिथून उठायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. हृषीकेशच्या हाताला माशांचे खवले चिकटलेले होते आणि ते उन्हात चमकत होते. तिनं मान फिरवली.

"तुला ती गाडीत कशी असते माहीत आहे," थोड्या वेळानं तो म्हणाला. आता आवाजात धार होती. "रडते, दार ओरबाडते. आपण तिला कोंडून ठेवतो. गोळी देऊन गुंगवतो. ते प्रेम, आणि हे पाप? मी तिचा त्रास वाचवला."

तो म्हणत होता ते सगळंच खोटं नव्हतं. अर्धी गोळी शाल्मली स्वतःच्या हातानं द्यायची.

"गोळी दिली की मी त्यांच्याजवळ बसते," ती म्हणाली.

"तिला कुठं कळतं कोण जवळ बसलंय ते? तिला पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. हे तरी काय आठवणार आहे?"

हे ऐकलं आणि तिच्या तोंडात तोच करवंदीच्या जाळीमागचा आंबट कडवटपणा आला. चांदोलीला तिला पेटीची किळस आली होती. आता समोर उभ्या असलेल्या माणसाची येत होती. आठवणार नाही म्हणून चालेल, असा हिशेब ज्याच्या मनात इतक्या सहज मांडला जातो त्याच्याशेजारी ती रोज झोपत होती.

ऊन कलायला लागलं तसा आईच्या अंगाला कंप सुटला. आधी जबडा, मग हात, मग सगळं अंग पेटीच्या भिंतींवर आदळायला लागलं. मिहिरनं आणि शाल्मलीनं तिला उचलून चटईवर घेतलं, घोंगडी गुंडाळली. गुडघे सरळ होईनात. ते कसे हळूहळू सोडवायचे हे शाल्मलीला येत होतं, तो तिचा रोजचा धंदाच होता.  पातळ ओलं झालं, लघवीचा आणि त्या वायूचा वास एक झाला. हृषीकेश तोंडावर हात धरून दोन पावलं मागं सरला.

आईनं डोळे उघडले. डोळ्यांच्या कडा लालभडक होत्या.

"आई, मी शाल्मली."

आईचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग शब्द आले, घासून घासून.

"डोळ्याला डोळा लागला नाही गं माझ्या."

"स्वप्न पडलं असेल काकू," मिहिर म्हणाला.

"झोपच नाही," आई म्हणाली. "केवढी मोठी रात्र." आणि शाल्मलीच्या मांडीवर डोकं टेकताच ती गाढ झोपून गेली. घोरायला लागली.

मिहिरचा चेहरा उतरला होता. तो बुंदीकडं बघत होता. "शीतनिद्रा हा शब्दच चुकलाय," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "ती झोप नसते. थंड देशातल्या काही खारी हिवाळाभर अशा पडून असतात ना, त्या अधूनमधून स्वतःला गरम करून घेतात. कशासाठी, तर झोपण्यासाठी. एवढी शक्ती खर्चून उठतात आणि झोपतात. गार मेंदूला झोप लागतच नाही. या पेटीत तर लहरींचा परिणाम टिकावा म्हणून मेंदू बाकीच्या शरीराइतका गार होऊच देत नाहीत. मी वाचलं होतं हे कॉलेजात." तो बुंदीशेजारी खाली बसला. "बुंदी दोन दिवस का झोपली, ते तेव्हाच कळायला हवं होतं मला."

"म्हणजे त्या जाग्या होत्या."

"जाग म्हणता येईल का, सांगता येत नाही. पण झोप नव्हती. प्राणी काही बोलत नाहीत, त्यामुळं आजवर कुणी विचारलंच नाही."

शाल्मलीनं गाडीची किल्ली मागितली. हृषीकेशनं दिली. तिनं पेटी डिकीतून ओढून खाली मातीत टाकली, मागच्या सीटवर आईला झोपवलं, बुंदीला पुढं घेतलं. हृषीकेश खिडकीशी आला. "मी कसा येऊ?" त्यानं विचारलं. तेवढंच विचारलं. तिनं काच वर घेतली.

*

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता बऱ्या आहेत ना त्या?" माणूस पेटीत ठेवू नये, असा नियम अजून कुणी केलेला नव्हता. कंपनीनं मात्र एक निवेदन काढलं की उत्पादनाचा वापर सूचनांनुसारच करावा. पुढच्या महिन्यात त्यांनी आणखी मोठा आकार बाजारात आणला.

आई बरी झाली, म्हणजे चालायला लागली. पण घरातलं कुठलंही दार लावलेलं तिला चालेना. न्हाणीघराचंसुद्धा. स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू होताना घर्रर्र करायचा, त्या आवाजानं ती हातातलं टाकून अंगणात जायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. कोरेगावचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. गाडीत बसवलं तर गप्प बसायची, दोन्ही हातांनी दाराची कडी धरून.

हृषीकेश मिहिरकडं राहायला गेला होता. एके दिवशी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, कडा लाल. भिंतीला धरून खुर्चीत बसला. शाल्मलीनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला विचारावं लागलं नाही.

"मिहिर नको म्हणत होता," तो म्हणाला. "मीच बसलो. त्या नव्या मोठ्या पेटीत, आईला ठेवलं तेवढा वेळ."

ती उभीच राहिली.

"गारठ्याचं काही नाही. तो पहिल्यांदाच जातो. मग एक श्वास सुरू होतो आणि तो संपतच नाही. वाटतं, आता संपेल. विचारसुद्धा तसाच. मनात आलं, झाकण कुणी उघडेल का. एवढंच. ते वाक्य संपेना, शाल्मली. आत असेपर्यंत ते एकच वाक्य चालू होतं." त्यानं तळहातांनी डोळे दाबले. "मला निदान माहीत होतं मी कुठं आहे. तिला ते पण माहीत नव्हतं."

तो रडला. ती त्याच्यासमोर बसली, पाणी दिलं. त्यानं खरंच ते सोसलं होतं आणि का सोसलं हेही तिला कळत होतं. तिला त्याची कीव आली. राग तर केव्हाच ओसरला होता. रागाशी तिला भांडता आलं असतं, एखाद्या दिवशी तो विसरताही आला असता.

काही दिवसांनी तिनंच त्याला घरी यायला सांगितलं. ती रुग्णालयात असताना आईजवळ कुणीतरी हवं होतं आणि तो मनापासून करू लागला. कामं निम्म्यावर आणली. आईला जेवू घालायचा, वेणी घालायचा, दारं उघडी ठेवायचा, फ्रिज वऱ्हांड्यात नेऊन ठेवला. आईला तो कोण हे बहुतेक दिवशी कळायचं नाही, पण त्याच्या हातचा वरणभात ती आवडीनं खायची आणि त्याला दुवा द्यायची. शेजारी म्हणायचे, मुलगा असावा तर असा. शाल्मली मान डोलवायची. त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हती.

एका रविवारी तिघं जेवायला बसली होती. शाल्मली वाढत होती. हृषीकेशनं ताट पुढं केलं आणि भाकरी घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर टेकली. स्वच्छ, कोरडी, ऊबदार बोटं. क्षणभरच.

तिनं भाकरी ताटात ठेवली, उठली आणि बेसिनपाशी जाऊन साबण लावून हात धुतले. मनगटापर्यंत. आपण काय करतोय ते नळ बंद करताना तिच्या लक्षात आलं. तिनं वळून पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता.  मग त्यानं आईच्या ताटात भात कालवून दिला आणि खाली मान घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो आपलं ताट तिच्या हातात देत नाही. टेबलावर ठेवतो, दोन पावलं मागं सरकतो आणि ती वाढून बाजूला होईपर्यंत थांबतो.